आठ वर्कर आणि एकच वही: शब्दमोजणीच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

बाबांनी परत तोच विषय काढला. मुद्रितशोधन करतात ते, दिवाळी अंकांचा मजकूर यायला लागला की घरभर प्रुफांचे गठ्ठे, आणि दर वर्षी कोणीतरी लेखक ‘पद्धत’च्या जागी ‘पध्दत’ लिहून पाठवतो आणि वर फोनवर वाद घालतो की आता सगळे असंच लिहितात. बाबांना हवंय एवढंच, की सगळे म्हणजे किती ते मोजून दाखव, आणि एखादा शब्द टाकला की ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, द्ध-ध्द असे त्याचे जेवढे भाऊबंद मजकुरात सापडतात ते आकड्यासकट समोर येऊ देत. मी म्हटलं हे काय, एका दुपारचं काम. (हे वाक्य मुद्दाम खोडत नाहीये.)

मजकूर म्हणजे मराठी विकिपीडियाचा डंप (सगळे लेख एकत्र उतरवून घेतलेले) आणि बाबांकडच्या जुन्या युनिकोड फायली. पायथनमध्ये साधा डिक्ट (शब्द आणि त्याचा आकडा अशा जोड्या) घेऊन मोजायला लावलं, चालतंय पण डंपमधल्या एक्सएमएलच्या खुणा साफ करण्यातच जीव जातोय आणि ८ कोअरपैकी ७ आरामात बसलेत. थ्रेडनी काही होत नाही, जीआयएल आहे, एका वेळी एकच थ्रेड पायथन चालवतो. म्हणून मल्टिप्रोसेसिंग, म्हणजे आठ वेगळ्या प्रोसेस, आठ वर्कर. सगळ्यांना एकच डिक्ट हवा म्हणून मॅनेजर डिक्ट लावला आणि तो एकट्या प्रोसेसपेक्षाही हळू निघाला. का ते कळल्यावर हसू आलं, त्या डिक्टला हात लावला की प्रत्येक वेळी शब्द पिकल होऊन (बाइटमध्ये गुंडाळून) सॉकेटवरून मॅनेजरच्या प्रोसेसकडे जातो आणि उत्तर तसंच परत येतं. आणि एकने वाढवणं म्हणजे अशा दोन फेऱ्या, एक वाचायला एक लिहायला, मधे दुसरा कोणी घुसला तर त्याची भर गेली. म्हणजे हळूही आणि चूकही.

८ जून, रविवार

ठरलं, शेअर्ड मेमरी, म्हणजे सगळ्या प्रोसेसना दिसणारा मेमरीचा एकच तुकडा. पायथन ३.८ पासून शेअर्ड मेमरीचा मॉड्यूल आयताच मिळतो, त्याला नाव द्यायचं, साइझ द्यायची, आणि मिळतो काय तर नुसता बाइटचा पट्टा. डिक्ट वगैरे काही नाही, हॅश टेबल आपलं आपण मांडायचं. मांडलं. ठरावीक मापाचे स्लॉट, शब्दाचा हॅश (शब्दाच्या बाइटांवरून निघणारा एक आकडा) काढायचा, त्या जागेवर जायचं, तिथे दुसरा शब्द बसलेला असला तर पुढचा स्लॉट, पुढचा, रिकामा मिळेपर्यंत. लिनियर प्रोबिंग.

साइझ आधीच ठरवून टाकावी लागते, कारण नंतर टेबल भरलं म्हणून वाढवायचं तर आठही जणांना एकाच क्षणी नवीन जागा दाखवावी लागणार, ते कोण करणार. म्हणून सढळ हाताने ४१,९४,३०४ स्लॉट घेतले, दोनाचा बाविसावा घात. निम्म्याच्या वर भरू द्यायचं नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथनी १९६३ मध्ये लिनियर प्रोबिंगचं गणित मांडून ठेवलंय, त्यानुसार टेबल निम्मं भरलेलं असताना नसलेला शब्द शोधायला सरासरी अडीच स्लॉट बघावे लागतात, ७५ टक्के भरलं की साडेआठ, आणि ९० टक्के भरलं की साडेपन्नास. लोकल भरत जाते तसंच, दादरपर्यंत सगळं ठीक असतं.

शब्दाला जागा ३२ बाइट दिली होती. भरपूर वाटली. मग संध्याकाळी यादी काढली तर ‘महानगरपालि’ असा एक शब्द, त्याच्या शेपटीला प्रश्नचिन्हाचा चौकोन, आणि आकडा भलताच मोठा. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) ३ बाइट खातं हे माहीत असूनही डोक्यात आलं नव्हतं, आणि चिन्ह म्हणजे काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे धरून. म-ह-काना-न-ग-र-प-काना-ल-वेलांटी ही १० चिन्हं म्हणजे ३० बाइट, उरलेल्या २ बाइटांत ‘क’चे दोन तुकडे. मी आधी कापत होते आणि मग हॅश, त्यामुळे महानगरपालिका, महानगरपालिकेच्या, महानगरपालिकेने, महानगरपालिकेतल्या सगळे एकाच स्लॉटमध्ये जाऊन बसले. इंग्रजीला ३२ बाइट पुरतात हो, आपल्याकडे प्रत्यय चिकटत जातात. आता शब्दाला ५६ बाइट आणि आकड्याला ८, एकूण ६४. ‘महानगरपालिकेच्या’ला ४८ लागतात, बसतो. त्याहून लांब असतील ते सध्या बाजूच्या फायलीत. टेबल २५६ एमबीचं झालं.

एचटॉपमध्ये (कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) आठही वर्करसमोर अडीचशे-अडीचशे एमबी बघून छातीत धस्स झालं, ८ जीबीचं मशीन आहे. पण तो एकच तुकडा आठ वेळा मोजलेला असतो. कोणाच्या वाट्याला खरं किती येतं ते बघायला पीएसएसचा आकडा असतो, प्रोक फोल्डरमधल्या स्मॅप्स-रोलअपमध्ये, तो सामायिक पानं वाटून धरतो.

११ जून, बुधवार

मावसभावाला (डेटाबेसवाला आहे, दिवसभर पोस्टग्रेस) कोड पाठवला होता. रात्री फोन. “अगं तुझ्या यादीत ‘आणि’ आठ वेळा आहे.” म्हटलं दादा कसं शक्य आहे, माझ्याकडे एकदाच आहे. स्क्रीन दाखवला त्याने. खरंच, आठ ‘आणि’, आठ ‘आहे’, आठ ‘होते’, आकडे थोडे थोडे वेगळे, आणि आठांची बेरीज माझ्या एका आकड्याच्या जवळपास.

मला वाटलं लॉकची (एका वेळी एकानेच लिहावं म्हणून लावलेल्या कुलपाची) भानगड. दीड तास त्यात घालवला. मग त्यानेच विचारलं, “हॅश कुठलं वापरतेस?” पायथनचंच, बिल्ट-इन. “आणि मी मॅकवर आहे,” एवढं बोलून गप्प बसला, तसा तो थोडा मास्तर आहे.

प्रकार असा. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचं हॅश प्रत्येक वेळी नव्या बीजाने (कुठल्याही यदृच्छ आकड्याने) सुरू होतं. २०११ च्या शेवटी हॅश फ्लडिंगचा हल्ला चव्हाट्यावर आला, मुद्दाम एकाच स्लॉटवर आपटणाऱ्या हजारो कीज पाठवून सर्व्हर झोपवायचा, त्याच्यावरचा हा उपाय. माझ्या लिनक्सवर वर्कर फोर्कने जन्माला येतात, म्हणजे आईची अख्खी मेमरी, बीजासकट, वारशात. मॅकवर ३.८ पासून डीफॉल्ट स्पॉन आहे, तिथे प्रत्येक वर्कर म्हणजे कोरा करकरीत पायथन, ज्याचं बीज त्याचं. एकाच वहीत आठ जण लिहितायत आणि प्रत्येकाची अनुक्रमणिका वेगळी! ‘आणि’ कुठल्या पानावर हे प्रत्येकाच्या मते निराळं, म्हणून प्रत्येकाने आपापला ‘आणि’ मांडला, आणि कोणालाच काही वावगं दिसलं नाही.

बरं हे नुसतं मॅकचं लचांड नाही, पायथन ३.१४ मध्ये लिनक्सवरही डीफॉल्ट फोर्कऐवजी फोर्कसर्व्हर (आधी एक कोरा पायथन सुरू करून त्याच्यातून वर्कर फोर्क करायचे) होणारे, तिथे वर्करांचं आपसात जुळेल पण पॅरेंटशी, म्हणजे मूळ प्रोसेसशी, जुळणार नाही, म्हणजे अजून फसवं. बीज एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बांधून ठेवता येतं पण ते मला पटत नाही, टेबलचा अर्थ बाहेरच्या सेटिंगवर टांगायचा कशाला. ब्लेक२बी नावाचं हॅश लावलं, ८ बाइटचं. हळू आहे पण कुठेही काढा तेच येतं.

आणि मला राग आला तो फोर्कचा. माझ्याकडे चाललं ते बरोबर होतं म्हणून चाललंच नव्हतं.

१४ जून, शनिवार

लॉक. आत्तापर्यंत सगळ्या टेबलला एकच लॉक होता, म्हणजे एक लिहितोय आणि सात रांगेत, बँकेत एकच खिडकी उघडी असते तसं. लॉक काढून टाकला तर काय होतं ते आधी बघितलं, स्वतःचं समाधान म्हणून. एक फाइल केली, तिच्यात नुसतं ‘पाणी’ १० लाख वेळा, आठही वर्करना तीच फाइल. उत्तर ८० लाख यायला हवं. दर वेळी वेगळं आलं, आणि दर वेळी कमी. दोघांनी एकाच वेळी ५०० वाचलं, दोघांनी ५०१ लिहिलं, एक पाणी वाहून गेलं.

दादा म्हणाला पोस्टग्रेस काय करतं बघ. त्यांचं बफर (डिस्कवरच्या पानांच्या मेमरीतल्या प्रती) शोधायचं टेबल शेअर्ड मेमरीतच असतं, हॅशच्या बिटांवरून त्याचे १२८ भाग पाडलेत आणि प्रत्येक भागाला स्वतःचा लॉक. लॉक मॅनेजरच्या टेबलचे १६ भाग. मी १६ घेतले, हॅशच्या वरच्या ४ बिटांवरून भाग निवडायचा.

लगेच खड्ड्यात. पोस्टग्रेसमध्ये एकाच जागेवरच्या नोंदी साखळीने जोडलेल्या असतात, साखळी आपल्या भागातच राहते. माझं लिनियर प्रोबिंग, भागाच्या शेवटच्या स्लॉटवर धडक झाली की पुढचा स्लॉट शेजाऱ्याच्या हद्दीत, ज्याचा लॉक माझ्याकडे नाहीच. सोसायटीतल्या पार्किंगसारखं, आपली जागा भरली की शेजाऱ्याच्या जागेत गाडी. आता भागाच्या टोकाला पोचलं की त्याच भागाच्या सुरुवातीला वळायचं. एका भागात २,६२,१४४ स्लॉट. ‘पाणी’ ८० लाख बरोबर आलं, तीनदा चालवून बघितलं.

१५ जून, रविवार

सकाळी उठून बघते तर सगळं थिजलेलं. सीपीयू शून्य. सात वर्कर आहेत, आठवा नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) मिळाला, रात्री ब्राउझरने मेमरी खाल्ली आणि कर्नलच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की कोणाला तरी मारणारा) माझा वर्कर उडवला. आणि तो उडाला तेव्हा एका भागाचा लॉक त्याच्या हातात होता. मल्टिप्रोसेसिंगचा लॉक आतून सेमाफोर असतो, धरणारा मेला तर कर्नल तो सोडवत नाही, किल्ली खिशात घेऊन माणूस गेला. बाकीचे सात एकेक करून त्याच दारावर येऊन उभे राहिले, कारण शब्दच असे आहेत की कधी ना कधी त्या भागात जावंच लागतं.

मग वाचत बसले. पीथ्रेडचा म्यूटेक्स (हाही लॉकच, दुसऱ्या जातीचा) ‘रोबस्ट’ करता येतो, धरणारा मेला तर पुढच्याला लॉक मिळतो पण सोबत ‘आधीचा मालक वारला’ असा एरर कोड, ईओनरडेड. चांगलंय. पण मग प्रश्न, लॉक मिळाला, आतलं सामान कुठल्या अवस्थेत आहे? शब्द अर्धा लिहून गेलाय का, आकडा वाढवला होता का? ते आपणच तपासायचं आणि मग म्यूटेक्सला ‘ठीक आहे’ असं सांगायचं. आणि मॅकवर रोबस्ट म्यूटेक्स मुळात नाहीतच, म्हणजे दादाचा दरवाजा बंद.

नको लॉकच. बघू.

१७ जून, मंगळवार

छोटीच गोष्ट, पण अर्धी रात्र गेली. टेबलमध्ये डोकावायला एक वेगळी स्क्रिप्ट लिहिली होती, दुसऱ्या टर्मिनलमधून नावाने जोडायचं, वरचे ५० शब्द छापायचे, बाहेर. दुसऱ्यांदा चालवली तर फाइलच सापडत नाही म्हणे. चालू वर्करना काही झालेलं नाही, ते मोजतायत, पण नव्याने कोणालाच आत जाता येत नाही. पायथनचा रिसोर्स ट्रॅकर! नुसतं जोडून घेतलेला तुकडाही तो आपलाच समजतो आणि स्क्रिप्ट संपली की ‘गळती’ म्हणून नाव पुसून टाकतो. पाहुणा जाताना घराची पाटी काढून घेऊन गेला. ३.१३ मध्ये ट्रॅक बंद करायचा पर्याय आलाय, माझ्याकडे ३.१२.

२० जून, शुक्रवार

दोन्ही पालख्या शहरात येतायत, रस्ते बंद, ऑफिसने घरूनच काम करा सांगितलं. दुपारी कमी काम होतं, म्हणून सी लिहायला घेतलं. पायथनमधून बाइट चाळत बसणं हे नाहीतरी खरं नव्हतं.

सी मध्ये शब्दाला ठरावीक जागा द्यायची गरज नाही. सगळे शब्द एका लांब पट्ट्यात एकापुढे एक, आणि स्लॉटमध्ये फक्त ‘शब्द इथे आहे’ एवढं. मी बावळटासारखा तिथे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवला. चाललं. आठही वर्कर व्यवस्थित. आणि ती डोकावणारी स्क्रिप्ट (सी मध्ये परत लिहिली होती) पहिल्याच शब्दाला सेगफॉल्ट (भलत्या पत्त्यावर हात घातला म्हणून कोसळली).

परत फोर्क! तुकडा फोर्कच्या आधी मॅप केलेला, म्हणून आठही मुलांना तो त्याच पत्त्यावर दिसतो आणि पॉइंटर चालून जातो. बाहेरून आलेल्या प्रोग्रॅमला कर्नल तोच तुकडा दुसऱ्याच पत्त्यावर देतो, त्याच्यासाठी तो पॉइंटर म्हणजे पाडलेल्या वाड्याचा घर नंबर. त्यामुळे पत्ता ठेवायचाच नाही, तुकड्याच्या सुरुवातीपासून किती बाइटवर ते, म्हणजे ऑफसेट, ठेवायचं. दादाला सांगितलं तर म्हणाला पोस्टग्रेसमध्ये पॅरलल वर्करच्या सामायिक मेमरीला हेच करावं लागतं, प्रत्येक वर्करकडे सेगमेंट वेगळ्या पत्त्यावर येऊ शकतो म्हणून त्यांचा पॉइंटर म्हणजे सेगमेंट नंबर आणि ऑफसेट. हॅशचं बीज, पॉइंटर, दोन्हीची गोष्ट एकच आहे खरं तर. सामायिक फक्त बाइट असतात, त्या बाइटांचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात असतो, आणि फोर्कमध्ये सगळ्यांचं डोकं एकाच साच्यातलं म्हणून कळत नाही.

आता लॉकशिवायचं. दोन दिवस कागदावर खाडाखोड करून हे जमलं: स्लॉट १६ बाइटचा. पहिले ८ बाइट म्हणजे एकच ६४ बिटांचा आकडा, त्यात १६ बिट हॅशचा ठसा, १२ बिट शब्दाची लांबी, ३६ बिट ऑफसेट. पुढचे ८ बाइट मोजणी. शून्य म्हणजे रिकामा. नवीन शब्द आला की आधी तो पट्ट्यात पूर्ण लिहून काढायचा, आणि मग एका कंपेअर-अँड-स्वॅपने, म्हणजे ‘इथे अजून शून्यच असेल तर हा आकडा बसव’, स्लॉट घ्यायचा. दुसऱ्याने आधी घेतला असेल तर बघायचं, त्याने माझाच शब्द बसवलाय का, असेल तर त्याचीच मोजणी वाढवायची आणि मी पट्ट्यात लिहिलेला शब्द वाया. जाऊ दे वाया, थोडीच जागा आहे.

यातली खुबी अशी की कोणी कुठल्याही क्षणी मेला तरी स्लॉट एकतर रिकामा असतो किंवा पूर्ण भरलेला, अधलामधला नसतोच. माझी पहिली कल्पना उलटी होती, आधी स्लॉट ‘घेतला’ म्हणून खूण करायची मग शब्द लिहायचा, त्यात खूण करून मेला तर बाकीचे तो लिहायची वाट बघत जन्मभर फिरत राहिले असते. लॉक नसलेला लॉकच तो.

मेमरी ऑर्डर (कुठलं लिहिणं दुसऱ्या कोअरला आधी दिसेल ते) मात्र नीट द्यायला लागली, लिहिताना रिलीज, वाचताना अक्वायर. एक्स८६ वर ढिलं ठेवलं तरी बहुतेक निभावतं, पण दादाचा मॅक एआरएमवाला, तिथे दुसऱ्या कोअरला स्लॉट आधी आणि शब्द नंतर दिसू शकतो. हॅश एफएनव्ही-१ए घेतलं, दोन ओळींचं आहे, बाइट एक्सॉर करा आणि १०९९५११६२८२११ ने गुणा. लॉक नाही म्हणून भागही नाहीत. ‘पाणी’ ८० लाख. वर्करना किल -९ मारून बघितलं, बाकीचे चालू राहतात.

खाली टाळ ऐकू येतोय, जाऊन येते.

२२ जून, रविवार

सर्व्हरवर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवतो तो) टाकलं आणि बस एरर. सेगफॉल्ट नाही, बस एरर. घरच्या मशीनवर नाही, डॉकरमध्येच, आणि तेही लगेच नाही, बऱ्यापैकी शब्द मोजून झाल्यावर.

टेबल बरोबर ६४ एमबी आहे, बाविसावा घात गुणिले १६. त्यापुढे शब्दांचा पट्टा. आणि डॉकर कंटेनरला डीफॉल्ट शेअर्ड मेमरी देतो किती, तर ६४ एमबी! बनवताना एफट्रंकेटने कितीही मोठी साइझ मागा, तो हो म्हणतो, कारण तेव्हा प्रत्यक्षात एक पानही दिलेलं नसतं. पान पहिल्यांदा हाताळलं की जागा लागते, आणि तेव्हा जागा नसली तर एरर कोड द्यायलाही कोणी नसतं, तुम्ही फंक्शन कॉलच केलेला नसतो, नुसतं मेमरीत लिहिलेलं असतं, मग थेट सिग्नल. मंगल कार्यालयाने पाचशे पानांचं बुकिंग घेतलं आणि तिसऱ्या पंगतीला सांगितलं की वाढायला काही नाही, तसलं. उपाय म्हणजे पॉझिक्स-फॅलोकेट, तो सगळी पानं आधीच मागून घेतो आणि जागा नसेल तर दारातच ‘जागा शिल्लक नाही’ म्हणतो. पोस्टग्रेसही हेच करतं, त्यामुळे डॉकरमध्ये पोस्टग्रेस चालवणाऱ्यांना तो ‘शेअर्ड मेमरी सेगमेंटची साइझ बदलता आली नाही’ वाला एरर तोंडपाठ असतो. कंटेनरला शेअर्ड मेमरी ५१२ एमबी दिली, झालं.

२८ जून, शनिवार

आता मनाला लागलेली गोष्ट लिहिते. सगळं बरोबर चालतंय, आणि आठ वर्कर चारपेक्षा फार काही वेगाने मोजत नाहीयेत.

पर्फ (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावून बघितलं, वेळ जातोय तो मोजणी एकने वाढवण्याच्या त्या एका ओळीत. अ‍ॅटॉमिक आहे (वाचणं-वाढवणं एका झटक्यात, मधे कोणी घुसत नाही), लॉक नाही, मग? ‘आणि’. ‘आहे’. ‘या’. ‘व’. भाषा अशीच असते, मूठभर शब्द मजकुराचा मोठा हिस्सा व्यापतात, आणि आठही कोअर तेच मूठभर स्लॉट एकमेकांच्या हातून ओढतायत. एका वेळी एकाच कोअरला ती ६४ बाइटची कॅश लाइन (कोअर मेमरी ज्या मापाच्या तुकड्यांनी जवळ ओढतो तो तुकडा) लिहिण्यासाठी मिळते, ती आठ जणांत फिरत राहते. वर माझ्या एका कॅश लाइनमध्ये चार स्लॉट बसतात, म्हणजे ‘आणि’च्या शेजारी जो गरीब शब्द येऊन बसला त्यालाही विनाकारण धक्के.

मग प्रत्येक वर्करला स्वतःचा छोटा डिक्ट दिला, त्यात मोजायचं आणि फाइलचा एक तुकडा संपला की बेरीज सामायिक टेबलात ओतायची. एकदम सुसाट. ‘आणि’ला तुकड्यामागे एकदाच हात लागतो. आणि मग पुढचा विचार आपोआप आला, की जर तुकड्याच्या शेवटीच ओतायचंय तर सामायिक टेबल हवंय कशाला? प्रत्येकाने आपली बेरीज फायलीत लिहावी, शेवटी एकाने एकत्र करावी, वर्कर मेला तर त्याचा तेवढा तुकडा परत करावा. तीन आठवडे!

दादाला फोन केला. तो म्हणे, पोस्टग्रेस उलट्या दिशेने गेलं. पॅरलल हॅश जॉइनमध्ये (हॅश टेबल वापरून दोन याद्या जोडताना) आधी प्रत्येक वर्कर अख्खं हॅश टेबल स्वतःपुरतं बांधायचा, तेच टेबल पाच-पाच वेळा मेमरीत, २०१८ मध्ये ११ व्या आवृत्तीत ते एकच आणि सामायिक झालं. “पण त्यांचं टेबल एकदा बांधून झालं की पुढे सगळे नुसते वाचतात गं, तुझे शेवटपर्यंत लिहितायत.” हे मात्र डोक्यात बसलं.

२९ जून, रविवार

वाचणं. बाबांची शोधाची खिडकी म्हणजे नुसतं वाचणंच आहे. शब्द आला की त्याचे भाऊबंद बनवायचे, चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ होऊ शकत असेल तर १६ रूपं, आणि प्रत्येक रूप टेबलात आहे का बघायचं. त्यासाठी चार वेब वर्कर.

हे आधी साध्या डिक्टने केलं होतं, फोर्कच्या आधी भरून ठेवायचा म्हणजे कॉपी-ऑन-राइटमुळे (कोणी लिहीपर्यंत पान कॉपी होत नाही) चौघांत एकच राहील असा हिशोब. राहत नाही. पायथनमध्ये शब्द नुसता वाचला तरी त्याचा रेफरन्स काउंट (त्याला किती जणांनी धरलंय तो आकडा) बदलतो, म्हणजे त्या पानावर लिहिलं गेलं, म्हणजे ४ केबीचं पान कॉपी. दिवसभरात चौघांकडे हळूहळू चार डिक्ट.

तर आता मोजणी फायलींतून, आणि तयार आकड्यांवरून एकदाच माझं सी वालं टेबल एका साध्या फायलीत बांधायचं. सुरुवातीला हेडर, त्यात आवृत्ती, स्लॉट किती आणि हॅश कुठलं तेही लिहून (अकरा तारखेची खोड). वेब वर्कर ती फाइल फक्त वाचायला म्हणून एम-मॅप करतात (थेट आपल्या मेमरीत जोडून घेतात), चौघांना पानं तीच. लॉक नाही, कंपेअर-अँड-स्वॅप नाही, कोणी चुकून लिहायला गेलाच तर तिथेच कोसळेल. नवीन आकडे आले की वेगळ्या नावाने फाइल बांधायची आणि रीनेमने जुनीच्या जागी सरकवायची, अर्धवट फाइल कोणाला कधीच दिसत नाही.

बाबांनी ‘पध्दत’ टाकून बघितलं. ‘पद्धत’ वर, ‘पध्दत’ खाली, समाधान चेहऱ्यावर दिसलं. मग ‘आणि’चा आकडा बघून म्हणाले, “यातले निम्मे मी खोडले असते.”

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

बाबा सकाळीच, “अगं ‘दऱ्या’चे दोन आकडे कसे येतात? आणि दोन्ही ‘दऱ्या’च दिसतायत.”

बाइट बघितले. एक ‘दऱ्या’ खालच्या नुक्त्यावाल्या ऱ ने लिहिलेला, १५ बाइट. दुसरा जुन्या पद्धतीने, साधा र, हलन्त, आणि मधे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, १८ बाइट. डोळ्याला एकच, हॅशला दोन. मी म्हटलं सोपंय, न दिसणारी चिन्हं सरसकट गाळते. गाळली. ‘दऱ्या’चा दुसरा आकडा गेला आणि ‘दर्या’चा वाढला! जॉइनर काढला की उरतं र, हलन्त, य, म्हणजे रफार, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. बाबांनी वर चष्म्यातून बघत विचारलं की आचाऱ्याचा आचार्य पण केलास का. केला होता.

मग नीट केलं, र-हलन्त-जॉइनर दिसला की त्याच्या जागी ऱ-हलन्त, त्यावर युनिकोडचं एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची रूपं एका साच्यात आणणं (नुक्ता सुटा लिहिलेला असला तर तोही जुळतो), आणि उरलेले जॉइनर मगच गाळायचे. शोधाच्या बाजूलाही तेच, नाहीतर टेबल एक समजणार आणि विचारणारा दुसरं. परत मोजलं, फाइल बांधली, रीनेम केली.

बाबांना अजून दोनच आकडे दिसतायत. अर्थात, चारही वर्कर सकाळपासून जुनीच फाइल मॅप करून बसलेत, नाव बदललं तरी त्यांच्या हातातलं जुनं पान तसंच राहतं. रीस्टार्ट करायचेत. साबुदाण्याची खिचडी गार होतेय, ती खाऊन करते.